तळगावकर सर आणि कपाटाची दुसरी चावी

हा लेख मी स्वखुशीने लिहीत नाही. गौरवग्रंथाच्या समितीने लेख मागितला तेव्हा मी सरळ नकार दिला होता. माझी सगळी नोकरी एका विमा कचेरीच्या अंतर्गत तपासणी विभागात गेली. तिथे चांगल्या कामावर शेरा मारायची पद्धत नव्हती. ज्यावर शेरा पडला नाही ते काम चांगलं. अशा माणसाने गौरवलेख काय लिहायचा? पण प्राध्यापक मोहन तळगावकर सरांनी समितीला निरोप पाठवला, "कारेकरबाई लिहिणार असतील तर पंच्याहत्तरीचा सत्कार घेईन. नाहीतर शाल-नारळ तुमच्याकडेच ठेवा." समितीने शाल आधीच आणली होती. मला लिहावं लागलं.

ही अट ऐकून माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी, की सरांचा यात काय डाव आहे? दुसरी शंका आमच्या अभ्यासिकेचे अध्यक्ष नाना सावंत यांच्याबद्दल होती. आपल्याकडे माणसाला खुर्चीवरून उठवायचं असलं की आधी त्याच्या गळ्यात हार घालतात. सर उठले की तिथलं कॉम्प्युटरच्या डिस्कचं कपाटही उठणार, हे मला दिसत होतं. नानांना ते स्पर्धांचे करंडक ठेवायला हवं आहे. तसं त्यांनी माझ्यादेखत बोलूनही दाखवलं आहे. त्या कपाटाबरोबर सरांनी घालून दिलेली कामाची सगळी पद्धत जाणार की राहणार, हा या सत्काराच्या मागचा खरा प्रश्न आहे, आणि तो बाजूला ठेवून सरांबद्दल चार गोड वाक्यं लिहिणं मला पटत नाही.

सरांची नि माझी पहिली भेट भांडणाने झाली, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. भांडण झालं नव्हतं, चौकशी झाली होती.

भांडुपला डोंगराच्या बाजूच्या चढावर आमची सार्वजनिक अभ्यासिका आहे. घरी वही उघडायलाही जागा नाही अशी मुलं-मुली तिथे अभ्यासाला येतात. वरच्या खोलीत कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर आहेत. एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या तळगावकर सरांनी त्यांच्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून ते चालते केले. मी मुलुंडला राहते. तेव्हा नुकतीच सरचिटणीस म्हणून कार्यकारिणीवर आले होते. पहिल्याच फेरीत पाहिलं, तर एक मुलगी पडद्यासमोर हाताची घडी घालून बसलेली. तिला भूमितीच्या आकृत्या काढायचा एक प्रोग्रॅम हवा होता. पडद्यावर सूचना होती, अमुक नावाची डिस्क घाला आणि एंटर दाबा. सर आले, सदऱ्याच्या खिशातून चावी काढली, लोखंडी कपाट उघडलं, डिस्क घातली, काम झालं, डिस्क परत कपाटात, कपाटाला कुलूप, चावी खिशात.

"हे नेहमी असंच?" मी विचारलं.

"गरज लागेल तेव्हा."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर थांबतात."

"म्हणजे अख्खी अभ्यासिका तुमच्या खिशात."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"घेतेय."

"बरां झालां," सर म्हणाले. ते मालवणकडचे, मनापासून बोलले की त्यांच्या तोंडी घरची बोली येते. "आजपर्यंत कोणी घेतल्यानच नाय. बसा."

त्या दिवशी सरांनी मला जे समजावलं ते इथे लिहिते, कारण त्यांच्या कामाचं मर्म त्यातच आहे. लिनक्सच्या यंत्रात एक साधी मजकुराची फाइल असते. नवा प्रोग्रॅम लागला तर तो कुठून आणायचा, ते तिच्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी त्या सगळ्या ओळी इंटरनेटवरच्या भांडारांच्या असतात. सरांच्या फाइलमध्ये सर्वांत वर डिस्कची ओळ होती आणि तिच्याखाली इंटरनेटच्या ओळी. एकच प्रोग्रॅम, तीच आवृत्ती दोन्हीकडे असली, तर यंत्र वरच्या ओळीचं ऐकतं आणि डिस्क मागतं. इंटरनेटवर त्याहून नवी, दुरुस्त केलेली आवृत्ती आली असली तर तीच घेतं. आमच्या चढावर इंटरनेट रडतखडत येतं. प्रत्येक यंत्राने सगळंच वरून ओढायचं ठरवलं तर मुलांच्या वाट्याला काही उरत नाही.

"तुमच्याकडे पावसाळ्याची बेगमी करत होते ना?" सर म्हणाले. "सुकट, बांगडे, सोडे डब्यात भरलेले. म्हणून कोणी बाजारात जायचं सोडतं का? ताजा बांगडा मिळाला तर ताजा आणायचा. पण मसाल्यापासून मिठापर्यंत सगळंच रोज बाजारातून आणतो म्हणणाऱ्याचं घर चालत नाही. डिस्क म्हणजे सुकी मासळी. इंटरनेट म्हणजे बाजार."

"सुकी मासळी खराब निघाली तर?"

"म्हणून तर नाक लागतं. तुमचं बरं दिसतंय."

अशा रीतीने मी त्या कामात ओढली गेले. स्तुतीने गेले नाही, हे नोंदवून ठेवते. सरांची तपासणीची पद्धत पाहून गेले. डिस्क तयार करायची म्हणजे इंटरनेटवरून एक भली मोठी फाइल उतरवून घ्यायची. ती वाटेत बदलली नाही ना, हे पाहायला अंक आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ असते. आपल्या फाइलवरून यंत्राने काढलेली ओळ आणि मूळ ठिकाणी दिलेली ओळ तंतोतंत जुळली पाहिजे. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी माल खोटा. यंत्र हे स्वतःच तपासू शकतं, आणि सर ते करूनही घेत. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. "ज्याच्याकडून मासळी घेतली, त्याच्याच तागडीवर परत वजन करून काय उपयोग?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांची जुनी विद्यार्थिनी माधुरी नाशिकला, दुसऱ्याच भांडारातून, तीच ओळ मिळवायची आणि फोनवरून वाचून दाखवायची. सर ती लिहून घ्यायचे. मग इथे सर मोठ्याने वाचणार आणि मी आमच्या यंत्राने काढलेल्या ओळीवर पेन्सिलीने खुणा करणार. आमच्या विभागात जमाखर्च असाच तपासत, एक वाचणारा आणि एक खूण करणारा. सरांना ते कोणी सांगितलं नव्हतं. अविश्वासाने काम करणारी माणसं कुठेही असली तरी एकाच पद्धतीवर येऊन पोचतात, असं मला वाटतं.

दर शनिवारी दुपारी, नवी डिस्क असेल तर हे वाचन चाले. "सात, एफ, तीन, तीन, ए…" खालच्या खोलीतली मुलं त्याला शनिमाहात्म्य म्हणत. अधूनमधून सर मुद्दाम एखादं अक्षर चुकीचं वाचत, मी जागी आहे का ते पाहायला. पहिल्यांदा मी पेन्सिल टेबलावर आपटली होती.

"सर, हे पोरखेळ कशाला?"

"बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवता. तुमच्यावर कोणी ठेवायचं?"

मी पेन्सिल उचलली आणि पुढचं अक्षर वाचायला सांगितलं.

सरांनी तत्त्व म्हणून जे सांभाळलं ते एका प्रसंगात स्पष्ट दिसलं. एका सकाळी मी वरच्या खोलीत गेले, तर तीन-चार मुलं नवीन प्रोग्रॅम घालत होती आणि कुठलंच यंत्र डिस्क मागत नव्हतं. सगळे खूष. मला मात्र खटकलं. रोज कटकट करणारा माणूस एके दिवशी गप्प बसला की आधी त्याच्याकडेच पाहावं, हा माझा अनुभव आहे. माझा संशय अर्थात सरांवर गेला. ती फाइल बदलायचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. मी त्यांना फोन करून बोलावून घेतलं आणि विचारलं, "काय केलंत?"

सरांनी फाइल उघडली. डिस्कच्या ओळीच्या आधी हॅशची खूण घातलेली होती, म्हणजे ती ओळ यंत्राच्या लेखी मेलेली. खाली एक नवीन ओळ होती, कुठल्यातरी अनोळखी भांडाराची. आणि त्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं, की इथून येणाऱ्या मालावरची सही, म्हणजे तो मूळ भांडाराचाच असल्याची यंत्राला कळणारी खूण, तपासू नये, तो विश्वासाचा समजावा.

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मी नाही केलं. पण पासवर्ड मी दिला होता. नानांना."

नानांच्या ओळखीच्या कोणा हुशार गृहस्थांना मराठी टायपिंगचा एक प्रोग्रॅम पटकन घालून द्यायचा होता. सर आडवे येतील म्हणून नानांनी परस्पर काम उरकलं होतं. तो माल वाईट होता का? माहीत नाही. हेच सरांचं उत्तर होतं आणि त्यासाठीच त्यांनी सगळी यंत्रं पुसून, डिस्कवरून नव्याने उभी करायचं ठरवलं. मुलांचे परीक्षेचे अर्ज भरायचे दिवस होते. पालक चिडले. कार्यकारिणीची बैठक बोलावली गेली.

"अहो सर, यार, एवढं काय झालंय?" नाना म्हणाले. "झकास चालत होतं ना सगळं! तुम्ही पुसलंत आणि वाट लागली."

"झकास चालत होतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"दिसत होतं ना!"

"नाना, मासळीवर बर्फ टाकला की तीही झकास दिसते."

लोक हसले. नानांना ते लागलं. पण सर तिथे थांबले नाहीत. त्यांनी सर्वांसमोर सांगितलं की चूक त्यांची आहे. नानांना नाही म्हणणं जड गेलं म्हणून त्यांनी पासवर्ड दिला. मग ज्या मुलांचे अर्ज अडले होते त्यांना घरी नेऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर भरून दिले. त्या आठवड्यात सरांच्या घरी जिन्यात चपलांचा ढीग असायचा आणि वहिनी दाराशी उभ्या राहून मुलांना सांगायच्या, "आधी पोहे खा, मग अर्ज. उपाशीपोटी नावात चुका होतात."

त्यानंतर नियम झाला. कपाट उघडायचं तर दोघं हजर हवीत. चावी माझ्याकडे. कुलपाबरोबर आलेल्या दुसऱ्या चावीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "हरवली." माझा यावर कधीच विश्वास बसला नाही. जो माणूस लांबलचक ओळीतलं एक अक्षर हरवू देत नाही, तो चावी हरवतो? मी कपाटाच्या दाराच्या फटीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवायला लागले, तिच्यावर माझी सही. दर शनिवारी आधी पट्टी पाहायची, मग कुलूप काढायचं. पट्टी कधीच फाटलेली मिळाली नाही. तरी मी चिकटवत राहिले.

सरांच्या चांगुलपणाबद्दल इतर लेखांत बरंच वाचायला मिळेल. मी एकच गोष्ट लिहिते. माझे यजमान गेले त्यानंतर काही आठवडे मी अभ्यासिकेत गेले नाही. भेटायला येणारी माणसं आधी खूप आली आणि मग एकदम यायची थांबली. एका शनिवारी दुपारी दारावरची बेल वाजली. सर उभे होते, हातात एक डिस्क आणि दोन कागद.

"बाई, डिस्क आलीय," ते म्हणाले. "खुणा करायला माणूस नाही."

ते आत आले. कसं झालं, काय झालं, काही विचारलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. मी पेन्सिल घेतली. पहिली काही अक्षरं झाल्यावरच माझ्या लक्षात आलं की ही ओळ आम्ही आधी वाचलेली आहे. डिस्क नवीन नव्हती. सर कपाटाबाहेरची, स्वतःजवळची जुनी प्रत घेऊन भांडुपहून मुलुंडला आले होते. मी पेन्सिल थांबवली नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत एकेक खूण करत गेले. सर चहा पिऊन निघाले आणि दाराशी म्हणाले, "पुढच्या शनिवारी अभ्यासिकेतच वाचू. इथे तुमचा पंखा आवाज करतो."

मला तेव्हा कळलं नाही, असा सरांचा समज आहे. म्हणून इथे छापून सांगते.

अलीकडे वाचनात सर चुकायला लागले. आठच्या जागी बी, शून्याच्या जागी डी. आधी मला वाटलं, नेहमीची परीक्षा चालली आहे. मी दर वेळी टोकत गेले. पण मुद्दाम केलेल्या चुका माणूस पसरून करतो. या चुका सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवरच होत होत्या. मी पेन्सिल खाली ठेवली.

"सर, डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही. उजेड कमी आहे."

"खिडकी उघडी आहे. ऊन टेबलावर पडलंय."

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "काचबिंदू. डावा फारसा उरला नाही. उजव्याचं औषध चालू आहे." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही ओळखणार हे माहीत होतं. कधी, एवढंच बघत होतो."

त्यानंतर आठवडाभरातच सत्काराची टूम निघाली. माझा संशय नानांवर होता हे वर लिहिलंच आहे. मी नानांना समोरच विचारलं, "सरांना काढायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

नाना दुखावले. "मॅडम, मी भांडतो सरांशी, पण असा नाही. सरांनीच मला सांगितलं, मला मोकळं कर म्हणून."

"आणि कपाट?"

"कपाटाचं मी कशाला खोटं बोलू? आता कोण डिस्क वापरतं, सांगा. सर होते तोवर ठीक. पुढे घेणारं कोणी असेल तर राहू दे की. आहे का कोणी?"

कोणी नव्हतं. मी नानांकडे पाहिलं, नाना माझ्याकडे. मी घरी आले आणि हा लेख लिहायला बसले.

लिहिता लिहिता सरांचा डाव माझ्या ध्यानात आला. सरांबद्दल काही लिहायचं तर त्यांच्या कामाबद्दल लिहिणं भाग होतं. डिस्कची ओळ वर का, इंटरनेटच्या ओळी खाली का, सही तपासणं कधीच का बंद करायचं नाही, नाशिकला फोन का करायचा, कपाटाशी दोघं का हवीत, हे सगळं मला शब्दांत मांडावं लागलं. म्हणजे पद्धत छापली गेली, आणि ती कोणाला येते हेही छापलं गेलं. आता उद्या कोणी विचारलं, पुढे घेणारं आहे का, तर मी नाही कशी म्हणणार? गौरवलेखाच्या नावाखाली सरांनी माझ्याकडून कामाची पावती लिहून घेतली आहे. हे मी सरांना फोनवर ऐकवलं. ते इतके हसले की वहिनींनी फोन घेतला.

"काय गो, काय बोललंस तू ह्यांका?" वहिनी मला विचारत होत्या. "खूप दिवसांनी असे हसतत."

सर्व वाचकांतर्फे सरांना दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे, ती मी पाळते. पण मोघम शुभेच्छांवर माझा भरवसा नाही. सरांनी डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालावेत. घातले की नाही हे वहिनींनी पाहावं आणि मला कळवावं. चढ चढताना मधल्या कट्ट्यावर बसावं, त्यात कमीपणा नाही. त्यांचे कान शाबूत आहेत, आवाज खणखणीत आहे आणि माणसाच्या बोलण्यातली खोट त्यांना अजून लांबून कळते. हे सगळं त्यांच्याजवळ असंच राहो, आणि ते तपासून पाहायला आम्हीही त्यांच्याजवळ असो.

सत्काराच्या आदल्या शनिवारी, अध्यक्ष नाना सावंत यांच्या समक्ष झालेल्या ताबेपावतीचा तपशील देऊन थांबते.

चालू आवृत्तीच्या डिस्क, पूर्ण संच: सरांनी दिला, मी घेतला. घेण्यापूर्वी प्रत्येक डिस्कची ओळ वाचली. या वेळी मी वाचलं, माधुरीने नाशिकहून फोनवर वाचलं आणि सरांनी डोळे मिटून दोन्हीकडचं ऐकलं. एका ठिकाणी मी चुकीचं वाचलं, मुद्दाम. सरांनी टेबलावर बोट आपटलं.

आधीच्या आवृत्तीच्या डिस्क: वापरायच्या नाहीत अशी चिठ्ठी लावून वेगळ्या खोक्यात दिल्या. त्यांतली एक, मुलुंडला आणलेली, मी मागून घेतली. ती अभ्यासिकेची नाही, माझ्या घरी राहील.

पासवर्ड: जुना रद्द. नवा अर्धा मी घातला, अर्धा सरांनी. नानांनी पाठ फिरवून उभं राहायचं मान्य केलं.

कपाट: जागेवर राहील. करंडकांसाठी नानांनी भिंतीवर फळी मारायचं कबूल केलं आहे. ते मारतात का, ते पाहीन.

चावी, पहिली: माझ्याकडे होती, माझ्याकडेच आहे.

चावी, दुसरी: सरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. हरवली नव्हती. "आहे म्हटलं असतं तर नानांनी मागितली असती," ते म्हणाले, "आणि नानांना नाही म्हणायला मला एकदा जमलं नव्हतं." नाना खिडकीबाहेर पाहत राहिले. "तुमची कागदाची पट्टी मीही रोज बघायचो, बाई. ती शाबूत आहे ना म्हणून."

नियमाप्रमाणे कपाटाशी दोन माणसं लागतात. म्हणून दुसरी चावी सरांना परत दिली. पट्टी काढून टाकली आहे.